यादीतलं दुसरं नाव

बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या त्या डायलिसिस सेंटरमध्ये मी गेले होते ती फक्त फोननंबर तपासायला. काम तासाभराचं होतं. मे महिना होता, येताना आंबे घ्यायचे असं ठरवून मी पिशवीही बरोबर घेतली होती. आबांना आंब्याची अर्धीच फोड चालते, पण त्या अर्ध्या फोडीची ते आठवडाभर वाट पाहतात.

माझा धंदा थोडा विचित्र आहे, तो आधी सांगते. उद्या पूर आला, आग लागली, वीज गेली, तर परवा तुमचं काम कसं चालू राहील याचे आराखडे मी लोकांना लिहून देते. कोणी कोणाला फोन करायचा, किल्ली कोणाकडे असायची, एक जागा बंद पडली तर काम कुठे हलवायचं. गोरव्यातले कारखानदार माझी फाइल घेतात, चहा पाजतात आणि मी फाटकाबाहेर पडायच्या आत ती कपाटावर टाकतात. घरी भाचरं मला अपशकुनी मावशी म्हणतात. मी म्हणते, खुशाल हसा, पण माझ्या पर्समध्ये टॉर्च आहे आणि तुमच्या नाही.

या सेंटरचं काम मात्र मी एकही रुपया न घेता करत होते, कारण त्यात माझा स्वार्थ होता. माझे आबा तिथे आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जोडलेले असतात. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत. डायलिसिसची एक वेळ चुकली की पाय सुजतात, दुसरी चुकली की श्वास लागतो, तिसरीचा विचार मी करत नाही. त्यांच्यासारखी अडतीस माणसं त्या सहा मशीनवर जगतात. मशीनला वीज लागते आणि भरपूर शुद्ध पाणी लागतं. पाणी शुद्ध करणारा प्लांट आणि जनरेटर दोन्ही इमारतीच्या मागे, एका पत्र्याच्या खोलीत. त्या खोलीच्या भिंतीला लागून कांस वाहते. पावसाचं पाणी नदीकडे नेणाऱ्या उघड्या नाल्याला आम्ही बडोद्याचे लोक कांस म्हणतो. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात तिनंच सेंटर बुडवलं होतं.

तर माझ्या आराखड्यात एक निरोपाची साखळी होती. धोका दिसला की सेंटर सांभाळणाऱ्या स्नेहलता सिस्टरांनी यादीतल्या दुसऱ्या माणसाला फोन करायचा, त्यानं व्हॅनचालक पीयूषला, पीयूषनं पेशंटच्या घरोघरी. यादीत सगळ्यात शेवटी आबा. आबांनी परत सिस्टरांना फोन करून 'निरोप पोचला' म्हटलं, की साखळी पुरी झाली. ही यादी सिस्टरांच्या टेबलावर काचेखाली आधीपासूनच होती. मी ती जशीच्या तशी उतरवून घेतली. सगळं बरोबर आहे ना, असं सगळ्यांना विचारलं आणि सगळे हो म्हणाले. इतकी वर्षं लोकांच्या याद्या तपासणाऱ्या मला तेवढ्यावर समाधान वाटलं, ही चूक माझीच.

त्या दिवशी सकाळी अकराला आम्ही साखळीची तालीम केली. बाहेर चटका बसेल असं ऊन. सिस्टर त्यांच्या खोलीत फोनजवळ, मी बाहेर घड्याळ घेऊन. बरोबर अकराव्या मिनिटाला आबांचा फोन आला आणि निरोप पोचल्याचं त्यांनी लष्करी थाटात सांगितलं. मी खूश. फाइलवर बरोबरची खूण केली आणि साखळीतल्या प्रत्येकाची सही घ्यायला निघाले. दुसरं नाव होतं सुभानराव जगताप, तंत्रज्ञ. आबांना व्हॅनच ने-आण करते, त्यामुळे आतली सगळी माणसं मला नावानं माहीत नव्हती. ते कुठे बसतात, असं मी सिस्टरांना विचारलं.

सिस्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"त्यांची सही नाही मिळायची, कौमुदीताई. सुभानराव गेले... त्या पुरात."

मला आधी रागच आला. मेलेल्या माणसाचं नाव यादीत कोण ठेवतं? सिस्टर म्हणाल्या, खोडायला हात धजला नाही. नवा तंत्रज्ञ दिग्विजय येऊन वर्ष झालं होतं, पण त्याचं नाव वर लिहायचं तर आधी हे खोडावं लागणार, म्हणून राहून गेलं. तालमीत सिस्टर सुभानरावांना वगळून सरळ पीयूषला फोन करणार होत्या. पण सवयीनं बोटं त्याच नंबरावर गेली. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. त्यांनी भानावर येऊन फोन ठेवला, पाणी प्यायल्या, पीयूषचा नंबर शोधू लागल्या, तोवर निरोप पोचल्याचा आबांचा फोन आलासुद्धा.

मग पीयूषला कोणी सांगितलं?

पीयूष व्हॅन पुसत होता. सव्वीस वर्षांचा, रेल्वेत नोकरी करणाऱ्या बापाचा मुलगा, सावली गावाच्या रस्त्याला राहणारा, सेंटरमध्ये येऊन जेमतेम वर्ष झालेला. सुभानरावांना त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. "काकांचा फोन आला ने," तो सहज म्हणाला. "नाव नाही सांगितलं. खोकत होते. मागे पाणी वाजत होतं, नळ चालू राहिल्यावर वाजतं तसं. मला वाटलं, प्लांटवरून बोलतायत. का, कंई वांधो? काही अडचण?"

त्याचा फोन मी हातात घेऊन पाहिला. अकराच्या आधी त्याच्या आईचा फोन होता. अकरानंतर त्यानं स्वतः पेशंटना केलेले फोन होते. मधे काहीच नव्हतं. मी सुभानरावांचा नंबर माझ्या फोनवरून लावला. हा नंबर वापरात नाही, असं एक बाई गुजरातीत शांतपणे सांगत राहिली. तेवढ्या उन्हातही मला मागच्या बाजूनं ओल्या गाळाचा वास आला आणि माझ्या दंडावर काटा उभा राहिला. आंबे घ्यायचे राहूनच गेले.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कोणीतरी चेष्टा केली असणार, असं म्हणून मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सुभानरावांच्या घरी गेले. म्हटलं, त्यांच्या बायकोला विचारल्याशिवाय नाव काढायचं नाही.

जिजाबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. भिंतीवर सुभानरावांच्या पणजोबांचा फोटो होता, गायकवाडांच्या फौजेतल्या घोडेस्वाराचा. त्या पुराच्या दिवशी काय घडलं ते जिजाबाईंनी मला आवाज न चढवता सांगितलं. फोन लागत नव्हते. तेव्हाचा व्हॅनवाला पलीकडच्या वस्तीत राहायचा, त्याला बोलावल्याशिवाय पेशंट हलवता येत नव्हते. सुभानराव म्हणाले, मी जाऊन सांगून येतो. छातीभर पाण्यात उतरून गेले. इकडे शेवटी बोटी आल्या, पेशंट निघाले. सेंटरच्या लोकांना वाटलं, सुभानराव घरी पोचले असतील. जिजाबाईंना वाटलं, ते सेंटरवर आहेत. दोन दिवस कोणी शोधलंच नाही. तिसऱ्या दिवशी कांसेच्या वळणावर सापडले.

"पेशंट सगळे मोजले," जिजाबाई म्हणाल्या. "ह्यांना मोजायचं राहिलं."

खिशात सापडलेला त्यांचा फोन पोलिसांनी परत दिला होता. ओला फोन तांदळात ठेवला की सुकतो, असं शेजारणीनं सांगितलं, म्हणून जिजाबाईंनी तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. दोन वर्षं झाली, तिथेच आहे. दर महिन्याला त्या तांदूळ बदलतात. मी यादीतल्या नावाचं विचारलं.

"काढा नाव," त्या म्हणाल्या. "दमले असतील आता."

मी घरी येऊन रडले, हे लपवायचं कारण नाही. मग सुभानरावांचं नाव काढून तिथे दिग्विजयचं घातलं, फाइल नव्यानं छापली, आणि विषय संपला असं मनाला बजावलं.

पूर आला तो जन्माष्टमीच्या दिवशी. तीन दिवस पाऊस हटला नव्हता आणि विश्वामित्री नदी दर तासाला चढत होती. माझ्या आराखड्यात लिहिलं होतं की नदी वीस फुटांवर गेली की साखळी सुरू करायची आणि पेशंट गोरव्याच्या सेंटरमध्ये हलवायचे. ती जागा उंचावर आहे, त्यांच्याशी तसं लेखी ठरलं होतं. दुपारी अडीचला आकडा होता साडेसोळा. सहाही मशीन चालू होती. आबा खिडकीजवळच्या खाटेवर होते आणि मी त्यांच्या पायाशी बसून मोबाइलवर आकडे बघत होते. बाहेर इतकं अंधारून आलं होतं की भर दुपारी दिवे लावावे लागले. मशीनची संथ घरघर आणि पत्र्यावरचा पाऊस, एवढेच आवाज होते.

तेवढ्यात दारात व्हॅन थांबली. पीयूष चिंब भिजून आत आला. त्याला कोणीही बोलावलं नव्हतं.

"त्या काकांचा फोन आला," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "म्हणाले... आकड्याची वाट पाहू नका. कांस उलटी चढतेय, नदीकडून."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून मागे गेले. कांस भरून वाहत होती, पण काठाच्या आतच होती, नेहमीच्या पावसात असते तेवढी. दिग्विजय प्लांटजवळ उभा राहून शिट्टी वाजवत होता. घाबरावं असं तिथे काहीच नव्हतं. फक्त तो वास होता, गाळाचा, आणि कोणीतरी नुकतंच तिथे खोकून गेल्यासारखं वाटत होतं. मी आत आले. सहा जणांना अर्ध्या डायलिसिसवरून उठवायचं, मशीनमधलं रक्त परत अंगात सोडायचं, पावसात व्हॅनमध्ये बसवायचं, आणि हे सगळं एका नसलेल्या माणसाच्या फोनवरून. पाणी आलं नाही तर जन्मभर माझं हसं. आलं आणि आम्ही हललो नाही तर... समोर आबा होते.

आबांनीच तिढा सोडवला. ते सुभानरावांच्या वेळेपासून तिथे येत होते. "कौमुदी," ते म्हणाले, "सुभानराव उगाच फोन करणारा माणूस नव्हता."

मी साखळी सुरू करा म्हटलं.

पुढचा दीड तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. सिस्टरांनी सहाही जणांना मशीनवरून सोडवलं. पहिल्या खेपेला सिस्टरांबरोबर तिघं गेले, दुसऱ्या खेपेला आबा, बाकीचे दोघं आणि मी. मागे दिग्विजयला प्लांट आणि जनरेटर बंद करून निघायला सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेला व्हॅन फाटकातून बाहेर पडत होती तेव्हा मागच्या भिंतीचा मोठा आवाज झाला आणि काळं पाणी बोळातून पुढे आलं. गोरव्याला पोचेपर्यंत सेंटरमध्ये कमरेएवढं पाणी होतं, असं शेजारच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं. तेव्हाही नदी अठरावरच होती. माझा वीसचा आकडा यायला संध्याकाळ झाली.

गोरव्यात मशीन मिळाली. आबांचं राहिलेलं डायलिसिस पुरं झालं. उरलेल्या बत्तीस पेशंटना कोणी कधी यायचं ते कळवून झालं. मी फाइल उघडून पेशंटची नावं मोजली, अडतीस, आणि खाली सही केली. आयुष्यात प्रथमच माझा आराखडा कपाटावरून खाली उतरून कामाला आला होता. मला भूक लागली, हसू आलं, कोणाला तरी मिठी मारावीशी वाटली. आणि मग वाटलं की एका माणसाला आपण कळवलंच नाही. निरोप पुढे देणाऱ्याला तो पोचला की नाही ते कोणीतरी सांगायला हवं, हा नियम माझाच.

मी जिन्यात गेले आणि तो नंबर लावला. हा नंबर वापरात नाही, बाई गुजरातीत सांगू लागली. तिचं बोलणं चालू असतानाच मी हळूच म्हणाले, "सुभानराव, निरोप पोचला. सगळे सुखरूप आहेत."

बाईचा आवाज मध्येच थांबला. पाणी वाजत होतं. खूप लांबून कोणीतरी खोकलं.

"एक राहिलाय..."

"कोण?" मी विचारलं. "पेशंट अडतीस आहेत. मी मोजलेत..."

"आपली माणसं मोजा..."

फोन बंद झाला. आणि मग मला कळलं. मी धावत आत गेले. दिग्विजय कुठे आहे, असं सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, तो पीयूषबरोबर व्हॅनमधून आला ना. पीयूष म्हणाला, नाही, त्याची बाइक होती, तो बाइकनं निघाला असणार. त्याचा फोन बंद होता. चौतीस पानांच्या माझ्या आराखड्यात पेशंटची मोजणी होती, मशीनची होती, औषधांच्या खोक्यांचीसुद्धा होती. आमच्या माणसांची नव्हती. दोन वर्षांपूर्वी जे झालं, तेच मी नव्या कागदावर नीट टाइप करून ठेवलं होतं.

अग्निशमन दलाची बोट मिळायला पाऊण तास लागला. पीयूष हट्टानं त्यांच्याबरोबर गेला. तो पाऊण तास आणि त्यानंतरचा एक, मी कशी जगले ते माझं मला माहीत. साडेसातला त्याचा फोन आला. दिग्विजय सापडला होता, त्या पत्र्याच्या खोलीत, टाकीवर चढून बसलेला, पाणी घोट्यापर्यंत, जिवंत. जनरेटर बंद करायला आत गेला तेव्हा पाण्याच्या दाबानं लोखंडी दार लागलं आणि परत उघडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला भेटले तेव्हा तो कॉफी पीत होता, दोन्ही हातांनी कप धरून. मागच्या झरोक्यातून कांसेत उडी मारायचं त्यानं ठरवलं होतं. उडी मारली असती तर वाचला नसता. पण बाहेरून कोणीतरी दार ठोठावत राहिलं. थांब, माणसं येतायत, वरच बस, असं सारखं सांगत होतं. त्याला वाटलं, शेजारचे कोणी काका असतील. मी मान हलवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याला काही सांगायची ती वेळ नव्हती.

सेंटर आठ दिवसांत परत सुरू झालं, आधी दोन मशीनवर, मग सहाही. आता प्लांट आणि जनरेटर पहिल्या मजल्यावर आहेत. माझ्या आराखड्यांत नवं पहिलं पान आलं आहे आणि त्यावर फक्त माणसांची नावं असतात. सगळ्यात शेवटी जो बाहेर पडतो, त्याला कोणीतरी नावानं हाक मारून मोजायचं. गोरव्यातल्या त्या कारखानदारांनीही हल्ली फाइल कपाटावरून खाली काढली आहे.

नवव्या दिवशी मी पेढे घेऊन जिजाबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्या ऐकताना रडल्या आणि रडता रडता हसल्याही. एका आईचा मुलगा वाचला, म्हणाल्या, आता त्यांना विसावा मिळेल. मलाही तसंच वाटत होतं. मग त्या उठून आत गेल्या आणि तांदळाचा डबा घेऊन आल्या. महिना झाला होता, तांदूळ बदलायचे होते. मीही खाली बसले आणि परातीत डबा उपडा करायला त्यांना हातभार लावला.

तांदूळ तळापर्यंत ओले होते. तिसऱ्या मजल्यावर पाणी आलं नव्हतं, भिंतीला ओल नव्हती, डब्याचं झाकण घट्ट होतं. तांदळाला गाळाचा वास येत होता. जिजाबाईंनी मधून फोन उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

काच तडकलेली, दोन वर्षं बंद पडलेला, बॅटरी फुगून मागचं झाकण निघालेलं. आणि तो फोन गरम होता. बराच वेळ कोणाशी बोलून नुकताच खाली ठेवल्यावर असतो तसा.

पूर ओसरून आठवडा उलटला होता, मग आता हा निरोप कशाचा? बाहेर लख्ख ऊन होतं. मी तो जिजाबाईंच्या हातात परत दिला, पर्समधून माझा फोन काढला, आणि स्नेहलता सिस्टरांना लावून म्हटलं, हातातलं काम ठेवा आणि आधी माणसं मोजा.